पडद्यापलीकडच्या सोळा खाटा

सख्ख्या बापाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवणारी लेक आपल्या पोटी कुठून आली, हा प्रश्न फौजदारीणबाईंना सकाळी आठला पडला होता, आणि साडेदहापर्यंत त्यांचा तो कॅज्युअल्टीतल्या निम्म्या लोकांना विचारूनही झाला होता.

"पोटची पोर आहे माझी," त्या शेजारच्या, पायाला फडकं बांधलेल्या माणसाला म्हणाल्या. "इथली मुख्य डॉक्टर. ती बघा, केस विंचरायला सवड न मिळालेली. आणि हा तिचा बाप. छातीत दुखतंय म्हणून आणला, तर म्हणते बसा खुर्चीवर. बसस्टॉप आहे का हा?"

फडकंवाल्याने मान डोलावली. त्यांच्यापुढे मान डोलावण्यावाचून सहसा कोणाचं काही चालत नसे. बाई फौजदार नव्हत्या आणि त्यांचा नवराही नव्हता. नवरा इस्त्रीवाला. चाळीस वर्षं दोघांनी दुकान चालवलं, म्हणजे त्याने इस्त्री चालवली आणि यांनी तोंड. कॉलरवरच्या डागावरून गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की तो मान खाली घालून पुढचा शर्ट पसरायचा आणि बाई काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या राहायच्या. गल्लीने तेव्हा हे नाव ठेवलं. ठेवलं चिडवायला, पण बाईंनी ते दागिन्यासारखं मिरवलं. त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. धाकटी लेक मात्र डॉक्टर झाली, आणि त्या दिवसापासून बाईंची मान जी ताठ झाली ती खाली म्हणून आली नाही.

त्या सकाळी दात घासताना म्हाताऱ्याचा हात बेसिनवर टेकला तो उचलेना. घाम फुटला. बाईंनी शेजाऱ्याला उठवून गाडी काढायला लावली. धाकटीने कॅज्युअल्टीच्या दारातच बापाचं मनगट धरलं, ईसीजी काढला, रक्त घेतलं, आणि सिस्टरच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर त्याला बसवलं.

"बाबा, ईसीजी ठीक आहे. पण तेवढ्यावर सोडता येत नाही. तीन तासांनी परत रक्त घेणार. तोवर इथून उठायचं नाही. जरा काही वाटलं तर सिस्टरला हात करायचा. कळलं?"

म्हाताऱ्याने मान हलवली. बाईंनी हलवली नाही.

"खुर्चीवर? अगं, बाप आहे तुझा."

"आई, दहा खाटा आहेत. दहाही भरल्यात."

"मग एकाला उठव."

"कोणाला?"

बाईंनी हॉलभर नजर फिरवली. एका म्हातारीच्या तोंडावर मास्क होता आणि तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एका पोराचा हात कोपरापासून भाजलेला. एकीच्या दोन्ही बाजूंना सलाईन. शेवटी त्यांना कोपऱ्यातला एक जण सापडला.

"तो बघ. नुसता झोपलाय."

"तो झोपला नाहीये, आई," धाकटी म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच बाईंना जास्त लागलं. राग असता तर उत्तर देता आलं असतं. ही आपली पिठाच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज काढून निघून जाते. महिनाभर असंच चाललं होतं. घरी यायची, पायातले बूट न काढता सोफ्यावर पडायची, जेवतेस का विचारलं तर म्हणायची, "नंतर." बाई जावांना आणि नणंदांना फोनवर अभिमानाने सांगायच्या, "आमच्या धाकटीची कॅज्युअल्टी आता सव्वीस खाटांची होणार!" आणि ती सोफ्यावरून म्हणायची, "आई, फोन ठेव ना."

सव्वीस खाटांचा बोर्ड दारावर लागलेलाही होता. जुन्या हॉलची मागची भिंत पाडून पलीकडे नवा हॉल बांधला होता. मध्ये दाराऐवजी जाड, दुधी प्लास्टिकचा पडदा सोडलेला. तो हलला की आतल्या खाटांची पांढरी रांग दिसायची. सोळा. बाईंनी फटीतून दोनदा मोजल्या.

"मग त्या कोणासाठी ठेवल्यात? पाहुण्यांसाठी?" त्यांनी धाकटी परत जवळून जाताना विचारलंच.

"उघडलं नाहीये अजून."

"का?"

"माणसं नाहीत."

"माणसं नाहीत?" बाईंनी आजूबाजूला हात फिरवला. भिंतीला टेकून, जमिनीवर, पायरीवर माणसंच माणसं होती.

"बघणारी माणसं, आई. या दहा खाटांनाच मला दोन सिस्टर आहेत. तिकडे सोळा जण झोपवले तर त्यांना बघणार कोण?"

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. बाईंनी कान टवकारले. "हो साहेब. नाही साहेब. गुरुवारी उद्घाटन ठेवलंय ते मला माहितीय. हॉल सुरू करायच्या कागदावर मी सही करणार नाही असं नाही म्हणत. सिस्टर किती देताय सांगा, तेवढ्या खाटा उघडते. चार दिल्या तर चार सिस्टरांच्या खाटा. एकही नाही दिली तर एकही नाही."

फोन ठेवून ती गेली. बाईंनी कपाळावर हात मारला. वरच्या साहेबाला असं बोलतात? आयतं ताट वाढून ठेवलंय आणि ही म्हणते भूक नाही. हट्टी. बापावर नाही गेली, आपल्यावर गेली, पण आपला हट्ट निदान उपयोगाचा तरी असतो.

खुर्च्या कधीच संपल्या होत्या. त्यांच्या पायाशी, भिंतीला पाठ लावून, सिमेंटने पांढरे झालेले बूट घातलेला एक तिशीचा माणूस बसला होता. डावा हात बरगडीखाली दाबून धरलेला.

"तुला काय झालं रे?"

"पडलो काल, मावशी. फरशीच्या खोक्यावर. कडा लागली इथे. दुखतंय, बाकी काही नाही. सोनोग्राफी करायला सांगितलीय, माझ्यापुढे पाच जण आहेत." मग त्याने हनुवटीने पडद्याकडे दाखवलं. "आतली सगळी फरशी मी बसवलीय. सोळा खाटांची. आणि मलाच बसायला जागा नाही, बघा."

"तूच बसवलीस आणि तूच जमिनीवर!" बाईंना तो एकदम आवडला. "हसतोस काय? भांडायला शीक जरा."

"भांडलो तर दुखतं हो," तो म्हणाला.

अकरा वाजले. सिस्टर दर चार-पाच मिनिटांनी मान वर करून म्हाताऱ्याकडे बघायची आणि परत कागदात डोकं घालायची. बाईंना ते मुळीच आवडलं नव्हतं. काय टकामका बघते, आम्ही काय चोर आहोत? त्या मुद्दाम मध्ये उभ्या राहिल्या, तर सिस्टर म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हा, मला बाबा दिसत नाहीत."

आणि मग म्हाताऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"पाठ भरून आलीय गं," तो म्हणाला. "जरा आडवं व्हायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

चाळीस वर्षं जो माणूस दिवसाचे दहा तास उभा राहिला आणि खुर्ची दे म्हणाला नाही, तो हे म्हणाला.  त्यांनी हॉलकडे पाहिलं. धाकटी चौथ्या खाटेवर गुडघा टेकवून कोणाची तरी छाती दाबत होती, सिस्टर दोघीही तिकडेच. दार सोडून वॉर्डबॉयही तिकडेच.

"उठा," बाई म्हणाल्या.

"ती नको म्हणालीय."

"ती तुमची लेक आहे, सासू नाही. उठा म्हणते ना."

त्याच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला चालवत नेलं, प्लास्टिकचा पडदा खांद्याने बाजूला सारला आणि आत शिरल्या. आत गार होतं. रंगाचा वास होता, माणसांचा नव्हता. पहिल्याच खाटेवरच्या गादीचं प्लास्टिक त्यांनी नखांनी फाडून काढलं, म्हाताऱ्याला निजवलं, त्याची चप्पल काढून खाली जोडीने ठेवली. त्याने डोळे मिटून जो श्वास सोडला, तो ऐकून बाईंना वाटलं की आज सकाळपासून केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

मग त्यांना फरशीवाला आठवला. पडद्यातून डोकं बाहेर काढून त्यांनी त्याला बोट केलं. "ये रे. तुझ्याच फरशीवर ये. पड इथे शेजारी."

"चालेल का पण?"

"मी सांगते ना. डॉक्टरची आई आहे मी."

तो भिंतीला धरत आला. त्याच्यामागून फडकंवाला लंगडत आला. तापाने लाल झालेल्या पोरीला कडेवर घेऊन एक बाई आली. मग एक म्हातारी, मग आणखी दोघं. दहा मिनिटांत सात खाटा भरल्या. बाईंनी कोणाला उशाकडे पाय करू दिले नाहीत, कोणाच्या गादीवर बूट येऊ दिला नाही. चादरी नव्हत्या, त्याबद्दल त्यांनी हॉस्पिटलच्या धोब्याचा यथेच्छ उद्धार केला. दुकानात तुडुंब गर्दी असावी आणि एकेक गठ्ठा बरोबर आपल्या फळीवर लागावा, तसं त्यांना वाटत होतं. एवढं सोपं होतं हे! आणि म्हणे माणसं नाहीत.

"ती नळी कसली रे भिंतीत?" त्यांनी फरशीवाल्याला विचारलं.

"ऑक्सिजनची. पण त्यात काही नाही अजून, मावशी. पाइप जोडायचाय. ती बेल आहे ना उशाशी, तिलाही वायर नाही. माझी फरशी तेवढी पूर्ण झालीय." तो जरा थांबला. दम खाल्ल्यासारखा. "उतार बघा कसा दिलाय. बादलीभर पाणी ओता, थेंब थांबणार नाही. खांदा पण दुखायला लागला हो डावा."

"आडवा झालास की कळतात दुखणी. पडून रहा गप्प."

तो भिंतीकडे वळला. बाईंनी नवऱ्याच्या पायांवर आपली शाल टाकली, तापलेल्या पोरीच्या आईला ओला रुमाल कसा घडी करून ठेवायचा ते दाखवलं, म्हातारीला चार मुलं असून एकही आला नाही याबद्दल त्या चौघांना शिव्या दिल्या. पाऊण तास गेला असेल. फरशीवाल्याचं तोंड भिंतीकडे होतं. झोपू दे बिचाऱ्याला, त्यांनी मनात म्हटलं, आणि आवाजही खाली आणला.

म्हातारा कोपरावर उठला होता. तो शेजारच्या खाटेकडे बघत होता.

"अगं," तो म्हणाला. "त्याचा रंग बघ."

"झोपलाय तो."

"झोपलेल्याचा असा नसतो. कापड ब्लीचमध्ये जास्त राहिल्यासारखा झालाय. आत काही उरलं नसतं ना, तसा पांढरा."

पांढऱ्यातलं म्हाताऱ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. बाई उठल्या. त्यांनी फरशीवाल्याच्या कपाळाला हात लावला आणि हात आपोआप मागे आला. गार होतं, आणि ओलं. "अरे बाबा," त्या म्हणाल्या. "अरे, ऊठ." त्याने डोळे अर्धे उघडले, पण ते त्यांच्यावर आले नाहीत.

त्यांनी उशाशी असलेली बेल दाबली. मग आठवलं. तरी परत दाबली. मग ओरडल्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा तो आवाज नव्या भिंतींना लागून तिथल्या तिथेच पडला. पडद्यापलीकडे माणसांचा गलका होता आणि त्यात कोणाला काही ऐकू येत नव्हतं.

बाई धावल्या. गुडघ्यांनी कधीच साथ सोडली होती, तरी धावल्या. पडद्याबाहेर सिस्टर रिकाम्या खुर्चीजवळ उभी होती. "आजी, बाबा कुठेयत? मी बाथरूमपर्यंत शोधून आले! त्यांचं दुसरं रक्त घ्यायचं होतं!"

"आत... तो मरतोय," बाई म्हणाल्या.

सिस्टर पांढरी पडली. "बाबा?"

"नाही. तो. फरशीवाला."

धाकटी आली तेव्हा चालत नव्हती, पळत होती. तिने त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली, पोटावर हात दाबला आणि ओरडून रक्ताच्या पिशव्या मागवल्या. खाट ढकलायला गेले तर चाकांना अजून पॅकिंगच्या पट्ट्या बांधलेल्या. कात्री आणायला वेळ नव्हता. मग धाकटीने, वॉर्डबॉयने आणि त्या लंगड्या फडकंवाल्याने गादीच उचलून जमिनीवर घेतली आणि तिला धरून ओढत नेली. गुळगुळीत फरशीवरून ती भराभर सरकली. बाई पडदा धरून उभ्या होत्या, तो जास्तीत जास्त उघडा राहावा म्हणून दोन्ही हातांनी. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पुढचं त्यांना नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवलं. मास्कवाल्या म्हातारीला स्ट्रेचरवर हलवून त्याला खाट दिली. सुई लागेना, तिसऱ्यांदा लागली. पोटात रक्त साठलंय, प्लीहा फुटलीय बहुतेक, असं धाकटी कोणाला तरी फोनवर सांगत होती. मग त्याला थिएटरकडे नेलं, आणि खाली त्याच्या बुटांपैकी एक राहिला. बाईंनी तो उचलून सिस्टरच्या टेबलाखाली ठेवला.

आतले बाकीचे सहा जण आपणहून बाहेर आले.  म्हातारा परत आपल्या खुर्चीवर बसला. त्याचं रक्त दीड तास उशिरा घेतलं गेलं. रिपोर्ट आला तेव्हा धाकटीने तो दोनदा वाचला.

"हृदयाला इजा झाल्याची खूण रक्तात थोडी वाढलीय," ती म्हणाली. "छोटा झटका असणार. औषध सुरू करते आत्ताच. वर हृदयाच्या वॉर्डात जागा झालीय, तिथे ठेवतील तुम्हाला."

"वेळेत घेतलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"औषध दीड तास आधी गेलं असतं."

एवढंच. बाई वाट बघत राहिल्या. आता बोलेल, मग बोलेल. सगळ्यांसमोर तोंडाचा पट्टा सोडला तर मान खाली घालून ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच ठरवलेलं. पण धाकटी पुढच्या खाटेकडे गेली, आणि तिथून पुढच्या.

संध्याकाळी पाचला थिएटरमधून निरोप आला. प्लीहा काढली, सहा पिशव्या रक्त द्यावं लागलं, जीव आहे. म्हातारा वर वॉर्डात झोपला होता. बाई जिन्याने खाली आल्या. धाकटी पडद्यामागे, नव्या हॉलमध्ये, रंगाच्या उपड्या डब्यावर बसली होती. सात गाद्यांवर माणसांच्या पाठीच्या खळग्या तशाच होत्या. बाईंनी चहाचा कागदी कप तिच्या हातात दिला. तिने तो धरला, प्यायली नाही.

"आई, तू घरी जा. दमली असशील."

"बोल मला."

"काय बोलू?"

"जे बोलायचं ते. सकाळपासून गिळतेयस. मी तुझ्या कामात पाय घातला. एका माणसाला माझ्या हाताने आत नेलं. बोल ना, तोंड नाही का तुला?"

धाकटीने कपाकडे पाहिलं. "साहेबांचा फोन आला होता. त्यांना कळलंय सगळं. म्हणाले, सात पेशंट झोपलेच होते ना आत? म्हणजे वापर सुरू झालाच आहे. आता अडून बसू नका, गुरुवारी सही करून टाका."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काही नाही म्हणाले. काय म्हणणार? खरंच झोपले होते." तिने डोळे चोळले. "करून टाकीन सही. दमले मी, आई."

"माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळे नाही." तिने कप फरशीवर ठेवला. मग म्हणाली, "मी बघितलं होतं तुला."

"कधी?"

"बाबांना घेऊन आत जाताना. माझे हात त्या माणसाच्या छातीवर होते, पण तोंड मोकळं होतं. एक हाक मारली असती तरी तू थांबली असतीस. किंवा थांबली नसतीसही, पण वॉर्डबॉय तरी आला असता. बाबा वाकून चालत होते गं. म्हटलं, पडू देत दहा मिनिटं. महिनाभर सगळ्यांना नाही म्हणतेय, साहेबांना, नातेवाइकांना, दारातल्या प्रत्येकाला. तुम्हा दोघांना म्हणवलं नाही. मग चौथ्या खाटेवरचा गेला, त्याच्या बायकोला सांगायचं होतं, आणि मी तुम्हाला विसरूनच गेले."

पडदा हलला. पलीकडून कोणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारत होतं. धाकटी उठायला लागली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवलं. त्यांना तिला पोटाशी धरावंसं वाटत होतं. तिची वेणी सुटली होती, कपाळावर रक्ताचा वाळलेला ठिपका होता. लहानपणी ती अशी दमून आली की बाई तिला दुकानातल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर निजवायच्या. पण आज पोटाशी धरून भागलं नसतं.

"ऐक आता," फौजदारीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण काउंटरवर दोन्ही हात टेकल्यावर यायचा तोच होता. "मी अडाणी. मला वाटलं खाट दिली की झालं. माझं जे काय पाप आहे ते मी त्या पोराच्या पायाशी बसून फेडीन, तुला त्याची काळजी नको. पण तुला कळत होतं. आत बेल नाही, हवा नाही, माणूस नाही, हे तुला पाठ होतं, आणि आईबाप दिसल्यावर तुझी जीभ लुळी पडली. आणि आता दमलीस म्हणून साहेबापुढे तीच जीभ परत लुळी पाडायला निघालीस. चुकलीस तू. माझ्यापुढे चुकलीस ते एकदा झालं. गुरुवारी चुकलीस तर सोळा जणांपुढे चुकशील, आणि त्यांच्या शेजारच्या खाटेवर रंग ओळखणारा म्हातारा नसेल. आण तो फोन. लाव त्या साहेबाला, आणि माझ्यासमोर नाही म्हण."